भीड, बँड आणि तीन चांगली गाणी

एका स्थानिक न्यू-मेटल (मेटल आणि हिप-हॉपचा संकर) बँडचा पहिला अल्बम गेले काही आठवडे मी ऐकतो आहे. दहा गाणी आहेत आणि एकूण लांबी ५१ मिनिटे आहे. त्यांतले दुसरे, पाचवे आणि नववे गाणे ऐकताना हा बँड स्थानिक आहे की जगप्रसिद्ध, असा विचारही मनात येत नाही. तिसरे, सहावे आणि दहावे ऐकताना मात्र तो फार लवकर येतो. उरलेली चार गाणी संपल्यावर आठवत नाहीत, आणि एखाद्या गाण्याविषयी याहून कडक शेरा मला सुचत नाही. बँडचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका बँडपुरता नाही आणि त्या पाच जणांना एकटे पाडण्याची माझी इच्छाही नाही.

या अल्बमविषयी आतापर्यंत जे लिहिले-बोलले गेले, ते जवळजवळ सगळे एकाच सुरातले आहे. मुलांनी मेहनत घेतली आहे, स्वतःच्या खिशातले पैसे घातले आहेत, असले संगीत करणारे आपल्या भोवती आहेतच किती, तेव्हा सर्वांनी त्यांच्या पाठीशी उभे राहायला हवे. यातले एकही विधान खोटे नाही, आणि यातले एकही विधान संगीताविषयी नाही. स्थानिक कलावंताच्या कामाची पारख करताना हात सैल सोडावा काय, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘सोडू नये’ असे आहे. सवलतीमुळे वाईट गाणी खपून जातात ही नेहमीची तक्रार मला दुय्यम वाटते. सवलतीचा पहिला फटका बसतो तो चांगल्या गाण्यांना. दहाही गाण्यांना सारखीच शाबासकी मिळाली, तर पाचव्या गाण्यात आपल्या हाती नेमके काय लागले आहे, हे त्या बँडला कोण सांगणार?

आणि पाचव्या गाण्यात खरोखरच काहीतरी हाती लागले आहे. इतर गाण्यांत हा गायक दूरदेशीच्या गायकांचे उच्चार उसने घेऊन रॅप करतो. संतापही उसना वाटतो. पाचव्या गाण्यात तो पहिल्यांदाच आपल्या रोजच्या बोलण्याच्या लयीत शब्द टाकतो, श्वास जिथे तुटायला हवा तिथे तुटू देतो, आणि ओरडायची वेळ येते तेव्हा आधीची दोन मिनिटे त्याने आवाज राखून ठेवल्यामुळे ती आरोळी अंगावर येते. ड्रमरने इथे निम्म्याहून कमी ठोके वाजवले आहेत. हे सगळे ठरवून झाले की गाणे लिहिताना नकळत घडून गेले, मला ठाऊक नाही. पण नकळत घडले असेल तर ते कोणीतरी बोट ठेवून दाखवणे जास्तच गरजेचे आहे, कारण नकळत सापडलेली वाट नकळत हरवतेही.

तारे देण्याच्या पद्धतीने इथे आणखी गोंधळ केला आहे. पाचपैकी तीन तारे म्हणजे ‘बरा अल्बम’. पण ज्याची दहाही गाणी बेताची आहेत त्यालाही तीनच तारे मिळतात, आणि ज्यात तीन उत्कृष्ट, तीन टाकाऊ व चार निस्तेज गाणी आहेत त्यालाही तीनच. सरासरी काढली की दोघे एका ओळीत येऊन बसतात. वास्तविक पहिल्या बँडकडे पुढे पाहण्यासारखे फारसे काही नसते, तर दुसऱ्याकडे असते. असमान अल्बमविषयी बोलायचे तर गाण्यागणिकच बोलावे लागते, आणि त्यासाठी अल्बम शेवटपर्यंत आणि एकापेक्षा अधिक वेळा ऐकावा लागतो. सरसकट कौतुकाची सोय अशी की त्यासाठी पहिली दोन गाणी पुरतात.

न्यू-मेटल हा प्रकार असमानतेला फार लवकर बळी पडतो, हेही बँडच्या बाजूने सांगितले पाहिजे. मेटलचे जड गिटार आणि हिप-हॉपची ताल धरण्याची रीत यांचा हा संकर १९९० च्या दशकात रूढ झाला. अमेरिकेतल्या बेकर्सफिल्डच्या कॉर्न या बँडचा १९९४ सालचा पहिला अल्बम ही त्याची सुरुवात मानली जाते. सात तारांची गिटारे आणखी खालच्या स्वराला लावायची, गिटारवर एकल करामती करण्याचे जवळजवळ सोडून द्यायचे, आणि गिटारकडून सुरावटीपेक्षा ठेक्याचे काम करून घ्यायचे, असा त्या संगीताचा घाट होता. यात एक धोका दडलेला आहे. सुरावटीची आणि वादनकौशल्याची जागा आक्रसली की गाणे उभे राहते ते तीनच गोष्टींवर: ठेक्यातली मोकळी जागा, आवाजाचा पोत, आणि हळू-मोठ्याचा विरोध. या तिन्हींत काही नवे सुचले नाही तर कडव्यात कुजबुज आणि ध्रुवपदात स्फोट हा साचा तिसऱ्या गाण्यापर्यंत पाठ होतो. साचा टाळायला जावे, तर कधी मऊ बॅलड, कधी इलेक्ट्रॉनिक तुकडा, कधी लोकवाद्य असे काहीबाही आत येते आणि अल्बमचे तुकडे पडतात.

या अल्बममधले सहावे गाणे असेच लोकवाद्याने सुरू होते. चाळीस सेकंद ते वाद्य एकटे वाजते, मग गिटार येतात आणि त्या वाद्याचा पुढे मागमूसही राहत नाही. जणू पाहुण्याला दारातच नमस्कार करून निरोप दिला. ‘मातीशी नाते’ म्हणून या प्रस्तावनेची पुष्कळ वाहवा झाली आहे. ब्राझीलच्या सेपुल्तुरा या बँडने १९९६ सालच्या ‘रूट्स’ या अल्बमसाठी शावांते या आदिवासी समाजाच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले, कार्लिन्योस ब्राउन या तालवादकाला सोबत घेतले, आणि मुख्य म्हणजे तो ताल गाण्यांच्या अंगात मुरवला. तिथे ते ढोल काढून घेतले तर अल्बमचा कणाच मोडेल. इथे ते चाळीस सेकंद काढून टाकले तर सहावे गाणे चाळीस सेकंदांनी लहान होईल, एवढेच.

आता ध्वनीविषयी थोडे बोलू, कारण सवलतीची मागणी सर्वांत जास्त तिथे होते आणि काही अंशी ती रास्तही आहे. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झच्या आसपास वाजते. सात तारांची गिटार ‘ए’ या स्वरापर्यंत उतरवली की तीच सीमा ५५ हर्ट्‌झवर येते, आणि बास गिटार तिच्याही एक सप्तक खाली, म्हणजे २७.५ हर्ट्‌झवर जाते. त्याच तळघरात मोठा ड्रमही वाजत असतो. तिघांना एकाच खोलीत कोंबल्यावर कोणी किती जागा घ्यायची हे ठरवणे हे अनुभवी मिक्सिंग इंजिनियरचे, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र करणाऱ्याचे, काम आहे, आणि अनुभवी इंजिनियर स्वस्तात मिळत नाही. मोबाइलचे स्पीकर हे खालचे स्वर जवळजवळ वाजवतच नाहीत. तिथे बास ऐकू यायचा तो तारेच्या वरच्या, खरखरीत आवाजामुळे. या अल्बमच्या निम्म्या गाण्यांत बास गिटार आहे हे श्रेयनामावली वाचून समजते. रॅपमधली व्यंजने गिटारच्या करकरीत हरवतात, त्यामुळे शब्द कळत नाहीत. हे दोष पैशांचे आहेत, वेळेचे आहेत, बहुधा स्वतःच मिक्सिंग करताना थकलेल्या कानांचेही आहेत. त्यांबद्दल बँडला धारेवर धरणे मला क्रूर वाटते. पण दोष आहे हे सांगणे आणि धारेवर धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या गाण्याचा दोष मात्र पैशांच्या खात्यावर टाकता येत नाही. ते गाणे मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या टप्प्यात, इतके दाबून-दाबून मोठे केले आहे की कडवे आणि ध्रुवपद सारख्याच आवाजात वाजतात. ज्या संगीताचा सगळा जीव हळूनंतर येणाऱ्या मोठ्यात आहे, त्यात हळूच नाहीसे केले तर मोठे येणार कुठून? हा हट्ट आता निरुपयोगीही आहे, कारण स्ट्रीमिंग सेवा सर्व गाण्यांची पातळी साधारण सारखी करून वाजवतात. स्पॉटिफाय ती नेहमीच्या सेटिंगमध्ये उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे माप) जवळ आणते. म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे शेवटी खालीच आणले जाते, आणि त्याच्यापाशी फक्त सपाटपणा उरतो. हळू भाग हळू ठेवायला एक पैसाही लागत नाही.

दहाव्या गाण्याचेही तेच. साडेसात मिनिटांच्या या गाण्यात एकच ब्रेकडाउन, म्हणजे वेग उतरवून आणलेला जड ठेक्याचा भाग, चार वेळा येतो. मी तो मंचावर वाजताना अनुभवला आहे आणि तिथे तो चारही वेळा चालतो: समोर गर्दी असते, छातीवर आवाजाचा दाब पडतो, लोक एकमेकांना धक्के देत असतात, आणि पुन्हा तेच येणार हे ठाऊक असण्यातच मजा असते. हेडफोनवर यातले काहीच नसते. मंचासाठी लिहिलेले गाणे आणि अल्बममधले गाणे यांत फरक करावा लागतो. अनेक बँड वर्षानुवर्षे कार्यक्रमांत वाजवलेली सगळी गाणी जशीच्या तशी ध्वनिमुद्रित करतात, कारण प्रत्येक गाण्याशी कोणाची ना कोणाची आठवण जोडलेली असते. गिटारवादकाचे पहिले गाणे, सोडून गेलेल्या ड्रमरसोबतचे शेवटचे गाणे, पहिल्या मोठ्या कार्यक्रमात गाजलेले गाणे. आठवणींचा अल्बम म्हणून हे सुंदरच आहे. संगीताच्या अल्बममध्ये मात्र कात्री चालवावी लागते, आणि कात्री हे स्टुडिओतले सर्वांत स्वस्त साधन आहे. दहातून सात गाणी निवडली तर खर्च कमीच होतो. लिंकिन पार्क या अमेरिकी बँडच्या २००० सालच्या पहिल्या अल्बममध्ये बारा गाणी आहेत आणि सगळी मिळून ३८ मिनिटेसुद्धा भरत नाहीत. तो अल्बम कोणाला आवडो न आवडो, त्यात घोळवत ठेवलेले असे काही सापडणार नाही.

म्हणूनच मला वाटते की स्थानिक अल्बमच्या समीक्षकाने पहिली विभागणी करावी ती इथे: साधनांअभावी झालेले दोष एकीकडे आणि निवडीअभावी झालेले दोष दुसरीकडे. पहिल्यांविषयी समजूतदारपणा असावा, दुसऱ्यांविषयी नसावा. दोन्हींना एकाच चादरीखाली झाकले की बँडलाही वाटू लागते की आपले सगळे दुखणे पैशांचे आहे, आणि पुढच्या वेळी थोडे जास्त पैसे घालून तीच साडेसात मिनिटे अधिक चकचकीत आवाजात पुन्हा समोर येतात.

या बाबतीत स्लिपनॉटचे उदाहरण मला नेहमी आठवते. अमेरिकेच्या आयोवा राज्यातले डे मॉइन हे काही संगीतव्यवसायाचे केंद्र नव्हते. तिथल्या या बँडने १९९६ साली हॅलोविनच्या दिवशी स्वतःच एक अल्बम काढला आणि त्याच्या जेमतेम हजारभर प्रती निघाल्या. अल्बम कमालीचा असमान होता. मेटलच्या मध्येच फंक येई, जॅझचे तुकडे येत. त्यांनी त्या अल्बमला कायमचे घर मानले नाही. त्यातले पहिले गाणे नव्या शब्दांनी, नव्या गायकासह आणि नव्या नावाने १९९९ सालच्या अल्बममध्ये आले. आणखी दोन गाणी त्याच अल्बममध्ये नव्याने ध्वनिमुद्रित झाली. एक गाणे २००१ सालापर्यंत थांबले. बाकीचे बरेच काही त्यांनी मागे सोडले. पहिल्या अल्बममध्ये कच्चा माल होता आणि त्यातला कोणता धागा घट्ट आहे हे त्यांनी ओळखले. एखाद्या बँडला हे स्वतःच्या कानांनी ओळखता येते, हे खरे आहे. पण सगळ्यांना येत नाही, आणि ज्यांना येत नाही त्यांना बाहेरच्या प्रामाणिक कानांची गरज असते.

इथे एक गफलत होऊ नये. असमानता हा नेहमीच दोष असतो, असे मी म्हणत नाही. एकसुरी अल्बमपेक्षा धडपडणारा अल्बम मला शंभर वेळा चालेल. डेफ्टोन्स या अमेरिकी बँडने १९९५ सालच्या पहिल्या अल्बमपासून २००० सालच्या ‘व्हाइट पोनी’पर्यंत जो पल्ला गाठला, तो साच्याबाहेर पाऊल टाकल्यामुळेच. पण त्याच अल्बमची पुढची हकिगत बोलकी आहे. अल्बम काढणाऱ्या कंपनीला हमखास चालणारे गाणे हवे होते, म्हणून अल्बमच्या अखेरच्या गाण्याचा एक धागा घेऊन रॅपच्या अंगाने एक नवे गाणे रचले गेले, आणि काही महिन्यांत निघालेल्या नव्या आवृत्तीत ते सर्वांत पुढे बसवण्यात आले. ज्या साच्यातून बँड बाहेर पडत होता, त्याच साच्याची पाटी दारावर लावली गेली. शोधापोटी आलेली असमानता आणि सोयीपोटी आलेली असमानता कानाला लगेच वेगळी कळते. आपल्या या स्थानिक अल्बममध्ये दोन्ही आहेत: नवव्या गाण्याचा ओबडधोबडपणा पहिल्या प्रकारचा, आणि सहाव्या गाण्यातले ते वाद्य दुसऱ्या.

सवलतीच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद मला खरोखर वजनदार वाटतो. स्थानिक वर्तुळ लहान असते. लिहिणारा, कार्यक्रम ठरवणारा, स्टुडिओवाला आणि वाजवणारे एकमेकांना ओळखतात. आज ज्याच्यावर लिहायचे त्याच्याच ॲम्प्लिफायरवर उद्या आपला मित्र वाजवणार असतो. मोठ्या बँडला एक वाईट परीक्षण म्हणजे अंगावर उडालेला शिंतोडा, पण लहान बँडची त्यातच वाताहत होऊ शकते. पहिल्या अल्बमनंतर बँड मोडतात, आणि मोडलेला बँड दुसरा अल्बम काढत नाही. हे सगळे मान्य आहे. त्यावर माझे म्हणणे इतकेच की बँड कठोर शब्दांपेक्षा शांततेने जास्त मोडतात. ऐकणाऱ्याच्या मोबाइलवर त्याच वर्गणीत जगभरचे संगीत उपलब्ध आहे. तो या बँडशी भांडत नाही, परीक्षण लिहीत नाही, नापसंती कळवतही नाही. तिसरे गाणे सुरू झाल्यावर दुसरीकडे जातो आणि परत येत नाही. तो नवव्या गाण्यापर्यंत पोचलाच नाही, ही गोष्ट त्या बँडला कोणत्याही टीकेपेक्षा महाग पडते. अशा वेळी ‘आधी नववे ऐका, मग पाचवे, मग दुसरे, आणि तिसरे वगळलेत तरी चालेल’ असे लिहिणारा माणूस त्या बँडचा शत्रू कसा ठरतो?

आणखी एक गोष्ट इथे ओघाने आली म्हणून सांगतो. या बँडवर दोन उलट बाजूंनी अन्याय होतो आहे. गाव कौतुक करते आणि जाणकार नाक मुरडतात, कारण न्यू-मेटल हा प्रकारच त्यांच्या लेखी किशोरवयीन आदळआपट आहे. अमेरिकेतल्या १९९९ सालच्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातल्या धिंगाण्यापासून या संगीताच्या डोक्यावर जो ठपका बसला, तो आजही पुरता उतरलेला नाही. वरवर पाहता गावकरी आणि जाणकार परस्परविरोधी वाटतात, पण दोघांनीही दहा गाण्यांपैकी कोणते कसे आहे हे पाहण्याची तसदी घेतलेली नाही. एकाने पत्ता पाहून निकाल दिला आणि दुसऱ्याने आडनाव पाहून.

मी स्वतः यातून सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका बँडच्या अल्बमविषयी मी ‘प्रचंड ऊर्जा’ असे दोन शब्द लिहिले होते. ऊर्जा होतीच, बाकी काही फारसे नव्हते, आणि ते लिहायला मी कचरलो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. ते दोन शब्द त्यांनी पुढच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर छापले. दुसरा अल्बम आला तेव्हा त्यात ऊर्जाच ऊर्जा होती: पहिल्या अल्बममधली जी दोन शांत, संकोची आणि खरी चांगली गाणी होती, त्यांच्या वाटेला ते पुन्हा गेलेच नाहीत. त्यांना त्या गाण्यांविषयी कोणीही काही बोलले नव्हते, मीसुद्धा नाही. पुढे तो बँड थांबला. माझ्यामुळे थांबला असे म्हणणे हा अहंकार होईल, पण ती दोन गाणी तेव्हा नाव घेऊन सांगायला हवी होती, ही रुखरुख आहे.

म्हणून या वेळी नाव घेऊन सांगतो, निदान क्रमांक घेऊन तरी. दुसऱ्या गाण्यातली रिफ, म्हणजे गिटारचा पुनःपुन्हा येणारा तुकडा, पाच ठोक्यांनंतर थांबते आणि सहावा ठोका रिकामा सोडते. त्या रिकाम्या जागेत मान आपोआप खाली जाते, आणि तिथे झांज वाजवण्याचा मोह ड्रमरने गाणे संपेपर्यंत आवरला आहे. पाचव्याविषयी वर लिहिलेच. नववे गाणे सर्वांत कच्चे आहे. गायकाचा स्वर दोनदा घसरतो, एका ठिकाणी गिटारची तार चुकून घासल्याचा आवाज तसाच राहिला आहे, आणि कुठल्याही साच्यात ते बसत नाही. त्यात रॅप नाही, स्फोटही नाही. अखेरच्या दीड मिनिटात गिटार थांबतात, एकटा बास उरतो, आणि संपूर्ण अल्बममध्ये पहिल्यांदाच तो नीट ऐकू येतो. त्यावर गायक जवळजवळ कुजबुजत एकच ओळ पुनःपुन्हा म्हणतो आणि प्रत्येक वेळी तिच्यातला एक शब्द गाळत जातो. शेवटचा शब्द उरतो तेव्हा मी हात लांब करून दहावे गाणे सुरू होण्याआधी अल्बम थांबवतो, आणि पुन्हा नववे लावतो.